ठिपक्याखालचा बोल्ट

ठिपका मसुरीच्या डाळीएवढा होता. अर्धा बोल्टच्या माथ्यावर, अर्धा खाली इंजिनाच्या हेडवर. गरम तेल लागून पांढरा रंग पिवळट पडला होता, पण कडा कुठेही फाटली नव्हती. बोल्ट आपोआप सैल होऊन फिरला असता, तर ठिपक्याचे दोन तुकडे झाले असते. हरेशने बॅटरीचा उजेड शेजारच्या बोल्टवर टाकला, मग त्याच्या पुढच्या. सगळे ठिपके अखंड होते.

त्याने मधल्या बोल्टला पाना लावला आणि आवळायच्या दिशेने नुसता हात टेकवला. बाटलीचं झाकण फिरावं तसा बोल्ट फिरला.

बोल्ट सैल झालेच नव्हते. ते कधी नीट आवळलेच गेले नव्हते.

"काय झालं रे?" जगनने विचारलं. ही फियाट त्याची. आठवड्यापूर्वी याच गॅरेजात तिला नवे हेडबोल्ट घातले होते, आणि काल ती निडी गावाच्या पुढे बंद पडली होती. आज ट्रकला बांधून परत इथे, पेणला आणली होती.

"सासू कशी हाय तुझी?" हरेशने उलट विचारलं.

"वाचली. तिच्या छातीत कळा येतायत, आन् मी वाफेत बोनेट धरून उभा! मागून टेम्पोवाला आला म्हणून दवाखाना तरी गाठला. नायतर बायकोनं मलाच या गाडीत घालून पेटवलं असतं."

तो हसला. हरेशला हसू आलं नाही.

गॅरेज त्याच्या थोरल्या भावाचं, पुंडलिकचं. इथली रीत एकच होती: हेडच्या बोल्टांचा शेवटचा आवळा पुंडलिकच्या हातचा. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून तो कडेकडेने जायचा, आणि एकेक बोल्ट मनासारखा झाला की गणपतीच्या कारखान्यातून मागून आणलेल्या बारीक ब्रशने त्यावर ठिपका द्यायचा. जोर मोजणारा काट्याचा पाना पेटीत पडून असायचा. किती जोर लागला ते माझ्या बोटांना कळतं, असं तो म्हणायचा, आणि ते खरं होतं. निदान शुगरने बोटं बधिर होईपर्यंत खरं होतं.

हरेशला ते पहिल्यांदा कळलं, तेव्हा पुंडलिकने तापलेला सायलेन्सर धरला होता आणि कातडी करपल्याचा वास आला तरी सोडला नव्हता. त्या दिवसापासून भाऊ घरी जेवायला गेला की हरेश काट्याचा पाना काढायचा. ओले ठिपके रॉकेलच्या फडक्याने पुसायचे, बोल्ट पुरते आवळायचे, हुबेहूब तसेच ठिपके पुन्हा द्यायचे आणि वरचं कव्हर लावून टाकायचं. दादाला काही कळत नाही, अशी त्याची खात्री होती.

फक्त या गाडीच्या वेळी तो नव्हता. गॅस्केट आणायला रोह्याला जातो म्हणून निघाला होता आणि रोह्याशेजारच्या अष्टमीला गेला होता, स्वतःच्या गॅरेजसाठी जागा बघायला. जागा त्याला पसंत होती. बायको, मालू, रोज विचारायची, "भावजींना सांगितलंत?" तो रोज म्हणायचा, "बघू." आपण गेल्यावर दादाच्या मागून पाना घेऊन कोण फिरणार, हे मालूला त्याने सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात पुंडलिक आला. गाडीकडे बघत म्हणाला, "गॅस्केट हलकं निघालं असंल."

हरेश बाजूला झाला. "दादा, तू बघ."

पुंडलिकने पाना घेतला आणि मधल्याच्या शेजारच्या बोल्टवर जोर दिला. त्याचा चेहरा शांत होता. "घट्ट हाय की."

पाना मात्र त्याच्या हाताखाली फिरत होता. जगनने ते पाहिलं.

"मिस्त्री, फिरतोय तो."

पुंडलिकने खाली पाहिलं. ठिपका मधोमध तुटला होता. मग हरेशकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तू फिरला नव्हतास?"

हरेशला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"माझ्या मागून. फिरतोस ना तू? माझ्या ठिपक्यावर ब्रशचा केस उमटतो, तुझ्या नाय. पहिल्याच गाडीचं कव्हर उघडून बघितलं होतं, तेव्हापासून ठावं हाय मला."

"ठावं होतं, आन् तरी ठिपके देत राहिलास?"

"तू होतास म्हणून देत होतो. जेवून आलो तर कव्हर लावलेलं. म्हटलं, पोरगं रोह्यावरनं लवकर आलं, काम करून गेलं. म्हणून जगनला चावी दिली."

"कव्हर?" जगन म्हणाला. "कव्हर तर मीच लावलं. घाई होती मला. म्हटलं, चार नट, त्यात काय?"

हरेशची नजर काढून ठेवलेल्या कव्हरवर गेली. आपण दादाला झाकत होतो, आणि दादा आपल्या भरवशावर गाड्या सोडत होता. लोक मात्र ठिपक्यावर भरवसा ठेवून बायकामुलांना घेऊन घाट चढत होते. मधे उरलं होतं ते एक पत्र्याचं कव्हर.

"हेड परत उतरवू," पुंडलिक घाईघाईने म्हणाला. "बोल्ट नवे घालू. आता मी आवळीन, तू लगेच मागून फिर. जगनसमोरच. मग तर झालं?" त्याने सवयीने खिशातला ब्रश काढला. तो बोटांतून निसटून मडगार्डवर पडला, तेही त्याला कळलं नाही. बोटं रिकामीच मिटलेली राहिली.

हरेशने ब्रश उचलला, पण त्याच्या हातात दिला नाही.

"दादा," तो म्हणाला, "मी अष्टमीला गॅरेज टाकतोय. आन् आजपासून तू हेड आवळायचं नाय."