पुष्पलताबाईंचे झरोके

संघपाल गजभिये यांनी छत्तीस वर्षं सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून इमारतींचे नकाशे काढले होते. हुडकेश्वरला एक संस्था म्हाताऱ्या माणसांसाठी स्वस्त घरांची वसाहत बांधत होती, आणि त्यात त्यांना घर मंजूर झालं होतं. संस्थेनं नमुन्याचं घर बघायला बोलावलं, तेव्हा सल्ला आपल्यालाच विचारणार असं ते धरून चालले. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात मोजायची टेप घेऊन ते बायकोसोबत गेले.

आर्किटेक्ट चारुशीला तिशीतली होती. तिनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग मागे उभ्या असलेल्या पुष्पलताबाईंना विचारलं, "काकू, मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली की तुम्ही काय करता?"

पुष्पलताबाई आधी लाजल्या, मग सांगू लागल्या. त्यांच्या घराला छप्पर टिनाचं. सासूबाई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी पुष्पलताबाईंनी सावलीकडच्या भिंतीत जमिनीलगत दोन विटा काढून झरोका केला होता. त्यावर ओलं पोतं टांगायचं. समोरच्या भिंतीत अगदी छताखाली दुसरा. गरम हवा वरून निघून जायची, खालून गार यायची.

चारुशीला चक्क जमिनीवर बसून लिहून घेऊ लागली. हेच झरोके बघून 'घराचा सत्यानाश केला' म्हणून आपण तिच्यावर ओरडलो होतो, हे संघपालांना आठवलं.

त्यानंतर दर आठवड्याला चारुशीला घरी यायची. नळ किती उंचीवर हवा, न्हाणीत धरायचा दांडा कुठे हवा, सगळं काकूंना विचारायची. संघपाल पेपर तोंडासमोर धरून शब्द न् शब्द ऐकत राहायचे. छत्तीस वर्षांत कुठल्याच इंजिनिअरनं त्यांना असं समोर बसवून काही विचारलं नव्हतं. दुसऱ्यांनी ठरवायचं आणि त्यांनी रेघा ओढायच्या. आणि सातवी शिकलेल्या बायकोच्या बोलण्यावरून आता चोवीस घरांचे नकाशे बदलत होते. ते तिच्या भाजीला नावं ठेवू लागले. चहा उशिरा आला म्हणून चिडू लागले.

एके दिवशी पुष्पलताबाई विहारात गेल्या होत्या आणि त्यांचा फोन घरी वाजला. संघपालांनी उचलला. गवंडी उद्या सकाळी नमुन्याच्या घरात झरोके बसवणार होते आणि चारुशीलाला पंधरा दिवस बाहेरगावी जावं लागत होतं. काकूंनी साइटवर जाऊन फक्त उंची दाखवावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"सांगतो," संघपाल म्हणाले. त्यांनी सांगितलं नाही.

गवंड्यांनी दोन्ही झरोके छातीइतक्या उंचीवर, समोरासमोर बसवले. आठवड्यानं संस्थेच्या लोकांनी त्या घरात दुपार काढून बघितली. आत नुसती भट्टी. झरोके सगळ्याच घरांतून रद्द करायचं ठरलं, आणि सेक्रेटरीनं तसं पुष्पलताबाईंना फोनवर कळवलं.

"मलेच समजलं नसन," पुष्पलताबाई म्हणाल्या. "मी मधात बोलाले नको होतं."

ती संध्याकाळ संघपालांना बरी गेली. जेवण गोड लागलं. पण दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी पुष्पलताबाईंनी पोतं भिजवलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खालच्या झरोक्यात त्यांनी विटा परत बसवून टाकल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. उकाड्यानं संघपालांचा जीव कासावीस झाला. चौथ्या दुपारी त्यांना राहवलं नाही.

"चारुशीलाचा फोन आला होता तुले. उंची दाखवाले बोलावलं होतं. मी सांगितलं नाही."

त्या उठून बसल्या. "काहून?"

"मले कोणी काही विचारत नाही म्हणून."

पुष्पलताबाई म्हणाल्या, "आता कागद काढा. मी सांगतो तसा नकाशा काढा. अन् संस्थेत जाऊन हे तुमच्या तोंडानं सांगा."

संघपालांनी नकाशा काढला. सीताबर्डीला संस्थेच्या ऑफिसात जाऊन सेक्रेटरीसमोर मान खाली घालून फोनची गोष्टही सांगितली. झरोके फोडून नव्यानं बसवले गेले. पंखा बंद ठेवूनही खोली बाहेरच्यापेक्षा पाच अंशांनी गार राहिली, आणि चोवीसही घरांत तसेच झरोके झाले. पुष्पलताबाई मात्र दोन महिने नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या.

आता ते दोघं त्याच वसाहतीत राहतात. मागच्या मे महिन्यात वर्ध्याहून काही इंजिनिअर वसाहत बघायला आले. दारातूनच त्यांनी विचारलं, "पुष्पलताबाई आहेत का?"

संघपालांनी त्यांना खुर्च्या दिल्या, माठातलं पाणी दिलं आणि स्वतः पलंगावर जाऊन बसले. बायको हात हलवत हलवत समजावत होती, माणसं लिहून घेत होती. संघपालांना याही वेळी कोणी काही विचारलं नव्हतं. ते पाठ फिरवून आडवे झाले. गार हवा पायांना लागत होती. त्यांनी डोळे मिटले, पण कान तिकडेच होते.