चिमणीच्या मागची जागा

छापखान्यात उभी हयात प्रुफं तपासण्यात गेली, म्हणून तिथले लोक त्यांना वेलांटीबाई म्हणायचे. नोकरी संपली तरी ते नाव काही सुटलं नाही. निवृत्त झाल्यावर बाईंनी जरा आडवं व्हायचं ठरवलं होतं, पण घराण्यांचे इतिहास जमवणाऱ्या मंडळाचे चिटणीस घरी येऊन बसले. म्हणाले, "जुन्या दफनभूमीतल्या दगडांवरची अक्षरं झिजत चालली आहेत, बाई. लांबलांबून लोक विचारतात, आमचे आजोबा तिथे आहेत का, पणजी आहे का. ते वाचून उतरवून घ्यायला तुमच्यासारखी नजर पाहिजे."

बाईंना नाही म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. त्यांची धाकटी बहीण, जिच्याकडे त्या राहायच्या, आतून ओरडली, "घे ताई, अजून एक धोंड घे गळ्यात बांधून!"

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी बाई दफनभूमीत जात. पिशवीत मऊ ब्रश, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, एक हातभर आरसा आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी उशी. दगडावर पाणी मारायचं, आरशाने ऊन आडवं पाडायचं, मग खोलगट अक्षरांत सावली भरते आणि पुसलेलं नाव क्षणभर वर येतं. ते कागदावर उतरवायचं, जसंच्या तसं. मंडळाचा नियमच होता, मक्षिकास्थाने मक्षिका. दगडावर वेलांटी चुकलेली असेल तर कागदावरही चुकलेलीच हवी. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब. जन्मभर लोकांच्या चुका निस्तरलेल्या बाईंना सुरुवातीला हे फार जड गेलं. आता काहीच वाटत नसे. एक रांग संपली की दुसरी सुरू व्हायची. दगड संपत नव्हते, बाईच संपत आल्या होत्या.

त्या शनिवारी आभाळ भरून आलं होतं, आरशाचा उपयोग नव्हता. बाई उशी पिशवीत कोंबत होत्या, तेवढ्यात एक माणूस रांगेतून वाट काढत आला. पन्नाशीचा, अंगावर बसच्या ड्रायव्हरचा गणवेश, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"मंडळाच्या त्या बाई तुम्हीच ना? माझी आई आजारी आहे," तो उभ्या उभ्याच सांगू लागला. "डॉक्टरांनी हात टेकलेत. तिची थोरली बहीण लहानपणी तापाने गेली, इथेच पुरलंय तिला. आईने एकच धरून ठेवलंय. ताईची जागा बघून ये म्हणते. भिंतीकडचा कोपरा, एवढंच तिला आठवतं."

"मावशीचं नाव काय होतं?"

त्याने सांगितलं. नाव म वरून सुरू होत होतं.

बाईंनी थकल्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात लहान मुलाचा म्हणावा असा एकच दगड होता, बुटका, शेवाळलेला. दोघं तिथे गेली. बाई परत गुडघ्यांवर बसल्या, पाणी मारलं, बोटाच्या पेराने चाचपलं. खाली 'लाडकी लेक' एवढं लागलं. वर नाव होतं, पण पहिल्या अक्षराची गाठच झिजली होती.

"म आहे की भ, सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पुढचं तर त्याहून धूसर. ऊन पाहिजे. पुढच्या शनिवारी या, आरशाने बघू."

"म च असणार हो. लिहून टाका ना म."

"असणार म्हणून नाही लिहीत आपण."

"एका अक्षराने तुमचं काय बिघडतंय?" त्याचा आवाज चढला. "तिकडे माझी आई घटका मोजतेय."

बाईंना त्याचा राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडं त्राण लागतं. "उद्या कोणी भ वाले आले आपली पोर शोधत, तर त्यांना मी काय सांगू?" एवढंच म्हणाल्या. तो आला तसा रांगेतून निघून गेला.

पुढच्या शनिवारी लख्ख ऊन होतं. बाई पोचल्या तेव्हा ड्रायव्हर आधीच येऊन दगडासमोर बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. जवळ गेल्यावर आधी बाईंना वास आला, फरशी धुवायच्या ॲसिडचा. मग शेजारी पडलेला तारेचा ब्रश दिसला. मग दगड.

दगड स्वच्छ झाला होता. इतका स्वच्छ, की त्यावर काहीच उरलं नव्हतं. मुळातच रेताड, आतून पोखरलेला. ब्रश फिरला तसे वरचे पापुद्रे सुटून आले असणार. खाली गवतात पिवळसर चुरा सांडला होता. म गेला होता, भ गेला होता, लाडकी लेकही गेली होती.

"सकाळपासून घासतोय," तो मान वर न करता म्हणाला. "म्हटलं तुम्ही यायच्या आत लख्ख करून ठेवू. आधी जरा दिसायला लागलं होतं. मग... हातातच आलं सगळं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांना खूप काही बोलायचं होतं. ऊन आयतं आलं होतं, आरसा हातात होता, फक्त थोडा धीर धरायचा होता. पण शब्द जुळवायचाच कंटाळा आला. त्या शेजारच्या कठड्यावर टेकल्या आणि बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं.

"आता आईला काय सांगू?" त्याने विचारलं.

"काय सांगायचं ते सांगा. दगड तर आता बोलायचा नाही."

त्याने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने बाईंनाच आपल्या बोलण्याचं वाईट वाटलं. "आईला हलवता येण्यासारखं आहे का?" त्यांनी विचारलं.

"खुर्चीवर बसवून आणता येईल. डॉक्टर नको म्हणतात, ती हो म्हणते. तिच्यापुढे कोणाचं चाललंय?"

"मग आणा. जागा तरी तिच्या नजरेखालून जाऊ दे."

पुढच्या खेपेला तो आईला घेऊन आला. म्हातारी चाकाच्या खुर्चीत पाखराएवढी दिसत होती, पण नजर तिखट. पायवाटेवर खुर्चीची चाकं अडायची, ड्रायव्हर ढकलायचा आणि म्हातारी त्याला सांगायची, "हळू रे, ही काय तुझी बस आहे?"

तो तिला त्या दगडासमोर घेऊन गेला. वाटेत त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावरून बाईंच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "आई, ही बघ मावशीची जागा. दगडावरचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं. मी घासायला गेलो आणि..."

म्हातारीने दगडाकडे पाहिलं, मग मुलाकडे. "कोणाचं नाव?"

"मावशीचं."

"आमच्या ताईला कुठला आलाय दगड?"

ड्रायव्हरने दगडाकडे बोट दाखवलं.

"बाबा म्हणायचे, बसवू पुढे. ते पुढे काही उजाडलं नाही," म्हातारी म्हणाली. "चार तिरप्या विटा रोवल्या होत्या, झालं. दगड होता का म्हणून तू मला विचारलंस तरी कधी? तुझं आपलं नेहमीचं. अर्धं ऐकायचं आणि पळत सुटायचं."

"मग हा दगड कोणाचा?" बाईंनी विचारलं.

म्हातारीने खुर्ची पुढे घ्यायला सांगितली. हात लांब करून दगडाच्या माथ्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "ही तर चिमणी," ती म्हणाली. "बेकरीवाल्याची पोर. आमच्या शेजारीच राहायची. पुढच्या दातांत ही एवढी फट, त्यातून पाण्याची चूळ लांब उडवायची. आम्हाला कोणालाच जमायचं नाही तेवढं. त्याच तापात आधी ती गेली, मग आमची ताई. बाबा मला म्हणाले, घाबरू नकोस, ताईला चिमणीच्या मागेच ठेवलंय, दोघी बोलत बसतील."

बाईंनी दगडाच्या मागे पाहिलं. दगड आणि भिंत यांच्यामध्ये एक लहान खाट मावेल एवढी जागा होती. नुसतं गवत. त्या वाकून हाताने गवत बाजूला सारू लागल्या, तसा ड्रायव्हरही गुडघ्यांवर आला. मातीत त्याच्या बोटांना काहीतरी कडक लागलं. एका विटेचा कोपरा, झिजून गोल झालेला. बाकीच्या कुठे गेल्या कोण जाणे.

"आहे," तो म्हणाला. विटेवरची माती त्याने बोटांनी बाजूला केली.

म्हातारी रडली वगैरे नाही. "माती किती चढली हिच्यावर," एवढंच म्हणाली. मग पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि डोळे मिटून बसून राहिली.

"आजी," बाईंनी हलकेच विचारलं, "चिमणीचं खरं नाव काय होतं? म वरून होतं का?"

"चिमणीच म्हणायचो सगळे. घरात काय म्हणायचे देव जाणे." म्हातारीने एक डोळा उघडला. "आणि म पाहिजेच असेल तर चिमणीत आहे की मधोमध."

बाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं, त्यामुळे बरगड्यांत दुखलं.

निघताना ड्रायव्हर मागे रेंगाळला. "बाई, लिहिताना माझं नाव घाला. याने दगड खराब केला म्हणून. लिहाच."

"ते कशाला?"

"उद्या त्या बेकरीवाल्यांचं कोणी शोधत आलं, तर त्यांना शिव्या द्यायला कोणीतरी नको का?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "पत्ता ठेवा मंडळात. आलं कोणी, तर पाठवीन तुमच्याकडे. शिव्या समोरासमोर खा."

घरी आल्यावर बाईंनी त्या दगडाचा तक्ता भरला. नाव, या रकान्यात टिंबं. मजकूर, 'लाडकी लेक', पूर्वी वाचलेला, आता नष्ट. पेन खाली ठेवलं, परत उचललं आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: ऐकीव. हिला चिमणी म्हणत. बेकरीवाल्याची मुलगी. पुढच्या दातांत फट होती. हिच्या मागे, भिंतीलगत, दगड नसलेली आणखी एक मुलगी आहे. आणि तिचं नाव, म पासून शेवटपर्यंत, पूर्ण लिहिलं.

चिटणीसांचा फोन यायचा तो आलाच. "बाई, हे काय? आपण दगड उतरवतो, गप्पा नाही. ऐकीव माहिती नको. काढून टाका तेवढं."

"दगडच राहिला नाही, साहेब."

"म्हणून काय दातांतली फट लिहायची? उद्या सगळेच सांगोवांगी भरायला लागतील. नियम तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना?"

ते चुकीचं बोलत नव्हते. इतकी वर्षं बाईंनी लेखकाला विचारल्याशिवाय एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला नव्हता, आपल्या पदरचा शब्द घालणं तर लांबच. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. बाईंनी डोळे चोळले.

"ऐकीव, असं वर स्पष्ट लिहिलंय मी. सांगणारीचं नाव खाली आहे. काढायचंच असेल तर तुम्ही काढा. माझ्याने होणार नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "मग राहू दे," चिटणीस म्हणाले. "पण तुमच्या जबाबदारीवर."

"घे अजून एक," बहीण पुटपुटली आणि चहा टाकायला आत गेली.

डॉक्टरांचा अंदाज चुकला. म्हातारी त्या महिन्यात गेली नाही, त्यानंतरही नाही. उलट ऊन पडलं की मुलाच्या मागे लागायची, मला ताईकडे ने. तिथे खुर्चीत बसून ती बोलायची. त्या पलीकडच्या दगडावर आहे तो शिंपी, बायकोला फार घाबरायचा. ते नाव आहे ना, तिला जुळी झाली होती, दुसऱ्याचं नाव घालायचंच राहिलं. बाईंच्या कामाचा शेवट दिसायच्या ऐवजी त्याला फाटेच फुटत चालले. ड्रायव्हर भिंतीजवळचं गवत काढायचा आणि बाई गुडघा दाबत लिहीत बसायच्या. मनात म्हणायच्या, आता पुरे, या शनिवारी शेवटचं. असं त्या दर शनिवारी म्हणायच्या.

एकदा असंच सांगता सांगता म्हातारीला मध्येच डुलकी लागली. कोणीतरी एक बाई होती, तिला पोहता येत होतं आणि तिच्या नवऱ्याला येत नव्हतं, इथवर गोष्ट आली होती. बाई पेन धरून थांबल्या. पुढचं येईना. ऊन पाठीला बरं वाटत होतं, म्हणून त्यांनी मागच्या दगडाला डोकं टेकलं. ड्रायव्हर हात धुऊन आला तेव्हा दोघीही झोपल्या होत्या. त्याची पाळी सुरू व्हायला अजून अवकाश होता. तो जरा लांब जाऊन बसला आणि त्याने त्यांना झोपू दिलं.