घळीतली तिसरी हाक

खुंटीवर बंदूक नव्हती.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. माझ्या नवऱ्याची, फोर्तिनोची, कापडगिरणीतली टोपीसुद्धा खाटेच्या पायाशी पडली होती. गिरणीला जातो असं सांगून तो पहाटे निघाला होता, आणि टोपी न घालता गिरणीत गेलं की मुकादम हाकलून देतो. म्हणजे तो गिरणीत गेलाच नव्हता.

माझा नवरा तीन आठवडे भीतीने वाळत चालला होता. भीती होती मासेदोनिओची. त्याचं रान आमच्या रानाला लागून, मध्ये घायपाताची रांग, तीच हद्द. ही रांग मासेदोनिओने चार पावलं आमच्यात सरकवली, असं फोर्तिनोने गावच्या कचेरीत सांगितलं. तेही स्पॅनिशमध्ये, फाडफाड, गिरणीतली सगळी ऐट दाखवत. मासेदोनिओला निम्मं कळलं नाही आणि लोक हसले. बाहेर पडताना तो आमच्या मेशिकानो बोलीत एवढंच म्हणाला, "तुला घळीत निजवीन." त्या घळीत दोन वर्षांपूर्वी एकजण असाच निजलेला सापडला होता, त्यामुळे ते कुणी थट्टेवारी नेलं नाही.

उपाय सासूबाईंनी काढला. "पोरीचा बाप्तिस्मा व्हायचाय ना? मग त्यालाच धर्मबाप करा. कोंपाद्रे झाला की संपलं."

म्हातारी खरं बोलत होती. लेकराचा धर्मबाप तो आईबापाचा कोंपाद्रे, आणि त्याच्यासाठी बाप कोंपाद्रे, आई कोमाद्रे. आमच्या मालिंत्सी डोंगराच्या उतारावर सख्ख्या भावाचं डोकं फोडणारे पुष्कळ आहेत, पण कोंपाद्रेला अरेतुरे करणारा मी अजून पाहिलेला नाही. मात्र ही मागणी गुडघे टेकून करायची असते, आणि ती मेशिकानोतच, मानाच्या बोलीत. स्पॅनिशमध्ये मागितलेला कोंपाद्रे कुणी धरत नाही.

"मी त्या चोराच्या दारात गुडघे टेकू?" फोर्तिनो म्हणाला. "आणि ते गावंढळ बोलू? गिरणीत लागल्यापासून, सात वर्षांत माझ्या तोंडात आलेलं नाही ते."

"गावंढळ?" सासूबाई कडाडल्या. "अरे मुडद्या, आपल्या गावांतली माणसं हे बोलणं पायी घेऊन ग्वातेमालापर्यंत गेली. उत्तरेच्या वाळवंटापर्यंत गेली. आणि तुझ्या जिभेपर्यंत यायला त्याला दम लागतो होय?"

तो खोकत बाहेर निघून गेला. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्याला खोकला जडला होता, कोरडा, दोन ठसक्यांचा.

मग राहिले मी. पण मी इथली नव्हे. माझं माहेर उत्तरेच्या डोंगरात, पाच दिवसांच्या वाटेवर. बोलणं आमचंही हेच, फक्त इथले लोक शब्दाच्या शेवटी जिभेने जो चटका देतात तो आम्ही देत नाही, आणि मानाचे शब्द इथे एकावर एक चढवतात तसे आमच्याकडे चढवत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मी तोंड उघडलं की पाणवठ्यावरच्या बाया विचारायच्या, "दात पडला का गं?" तेव्हापासून मी पाणवठ्यावर मुकीच झाले. आता सासूबाईंनी आठ दिवस माझ्याकडून मागणीचे शब्द घोटून घेतले. रविवारी मी आणि त्या जाणार होतो.

पण आज गुरुवार होता, आणि खुंटी रिकामी होती. मासेदोनिओ रोज सकाळी घळीतून घायपाताचा रस काढायला जातो, हे सगळ्या गावाला ठाऊक. फोर्तिनोलाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांत पळण्याचं बळ नव्हतं. पोरीला शालीत बांधलं, टोपलीत मागणीला न्यायचे गोड पाव टाकले आणि जीव मुठीत धरून मी वरच्या वाटेने धावले. वरची वाट लांबची, पण घळ टळते; घळीत फोर्तिनोने मला अडवलंच असतं.

मासेदोनिओ दारातच भेटला. पाठीला रस ओढायचा लांब भोपळा, कमरेला कोयता. माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा दगड झाला.

मी गुडघे टेकले. आणि एक शब्द आठवला तर शपथ. आठ दिवसांचं घोटलेलं सगळं पुसलं गेलं. पोर रडायला लागली, आणि तिला उगी करताना तोंडातून जे निघालं ते माझ्या आईचं बोलणं होतं, चटक्याशिवायचं, साधं. म्हटलं, "हे लेकरू आपल्या हातात द्यायला आणलंय. आपण हिला पाण्यापाशी न्यावं. हिला दुसरं कुणी नाही."

त्याने माझ्या मागच्या वाटेकडे पाहिलं. मग विचारलं, "नवरा कुठाय?"

"गिरणीत," मी म्हणाले. देवा, जीभ झडली कशी नाही.

"तू बोलतेस दात पडल्यासारखं," तो म्हणाला, "पण मान राखून बोलतेस. तुझ्या नवऱ्याचे दात सगळे शाबूत आहेत आणि मान राखायची अक्कल नाही." त्याने भोपळा खाली ठेवला. "लेकराला दारातून परत कसं पाठवू? आण इकडे." आणि पोर हातात घेतल्यावर त्याचा आवाज बदलला. "उठावं, कोमाद्रे. आपण असं जमिनीवर बसू नये."

मला हुंदका फुटला. झालं, वाटलं. वाचले दोघं.

"चला," तो म्हणाला, "हिच्या आजीला शब्द देऊन येतो. धर्मबापाने पहिल्या दिवशी लेकरू घरी पोचवायचं असतं."

"वरच्या वाटेने जाऊ या, कोंपाद्रे."

"पोरीला एवढं लांबून फिरवायचं कशाला? घळीतून लगेच पोचू."

 काय सांगणार होते? घळीत माझा नवरा बंदूक घेऊन बसलाय? हे सांगितलं असतं तर कसला कोंपाद्रे आणि कसलं काय. मी मागोमाग चालत राहिले. तो पुढे, पोर त्याच्या छातीशी.

घळीत धुकं भरलं होतं. दहा पावलांवरचं झाड दिसेना. या डोंगरावर धुक्यात वाटेवर चाहूल लागली की मेशिकानोत हाक घालायची, आणि समोरच्याने, ओळखीचा असो नसो, उत्तर द्यायचं. तीन हाकांना जो गप्प राहिला तो चोर नाहीतर वैरी, आणि मग कोयता चालवणाऱ्याला कुणी बोल लावत नाही.

उतार संपला तिथे मला खोकला ऐकू आला. कोरडा, दोन ठसक्यांचा.

मासेदोनिओ थांबला. पोर डाव्या हातावर घेतली, उजव्या हाताने कोयता उपसला आणि हाक घातली, "आपण कोण? सकाळ बरी उगवली का आपल्याला?"

उत्तर नाही. घायपाताच्या पात्यांमागे काहीतरी खडखडलं. बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज मी ओळखते.

फोर्तिनोला नुसती माणसाची सावली दिसत असणार. सावलीच्या हातात काय आहे ते धुक्यातून कळायला मार्ग नव्हता. मला ओरडायचं होतं, 'मारू नकोस, आपली पोर आहे!' पण मग मासेदोनिओला कळणार, कोण आहे आणि कशाला आहे.

दुसरी हाक गेली. पुन्हा काही नाही.

मग मी बोलले. मासेदोनिओशी बोलल्यासारखं, पण अख्ख्या घळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, माझ्या माहेरच्या बोलीत, दात पडल्यासारखं. "कोंपाद्रे, माझी लेक आपल्या हातावर जड तर होत नाही ना? आता आमच्या घरी मान आपलाच!"

मासेदोनिओने माझ्याकडे वळून पाहिलं.  त्याला समजलं होतं. कोयता तसाच वर होता. मग तो धुक्याकडे वळला आणि तिसरी हाक त्याने सावकाश घातली. तिच्यात एक शब्द जास्त होता. "आपण कोण, कोंपाद्रे?"

मी श्वास घेतला नाही. 

धुक्यातून आवाज आला. घोगरा, अडखळणारा. सात वर्षं न बोललेली बोली, शाळेत जायच्या आधीच्या पोराने बोलावी तशी. "मी... मी आपला फोर्तिनो आहे, कोंपाद्रे. मला... सकाळ बरी उगवली. आपल्याला?"

तो बाहेर आला. बंदूक खाली, तोंड पांढरंफटक, डोळे पोरीवर खिळलेले. गुडघे टेकले की आपोआप मोडले, देव जाणे.

मासेदोनिओने बंदुकीकडे पाहिलं, मग कोयता म्यानात सारला. "कोंपाद्रे सशांच्या मागे निघालेत वाटतं," तो म्हणाला. "मिळाला का एखादा?"

"नाही, कोंपाद्रे."

"या धुक्यात मिळायचा नाही. घरी चलावं."

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. घायपाताची रांग सरकली ती सरकलीच, तिच्याबद्दल दोघांपैकी कुणी पुन्हा शब्द काढला नाही. पोरीला चार पोरं आहेत. दोघं म्हातारे वाटेवर भेटले की मासेदोनिओ आधी हाक घालतो आणि माझा नवरा उत्तर देतो, त्याच मोडक्या बोलीत, एक शब्द न चुकता. पण उत्तर द्यायच्या आधी तो जरासा थांबतो, दर वेळी. तेवढ्यात मी जिथे असेन तिथे हातातलं काम खाली ठेवते, आणि त्याचा आवाज कानावर पडेपर्यंत मला श्वास घेता येत नाही.