तीस दिवसांची पाहुणी

१९८७ साली, जूनच्या पहिल्या आठवड्यात, व्हर्ना लिंडक्विस्टकडे तिची नऊ वर्षांची नात मार्नी राहायला आली. मार्नीच्या आईला दारू सोडवण्यासाठी डेन्व्हरच्या इस्पितळात ठेवलं होतं, निदान ऑक्टोबरपर्यंत. बाप कुठे असतो, ते त्याचं त्यालाही धड माहीत नसे. आजीशिवाय पोरीला दुसरं दार नव्हतं.

व्हर्नाचं घर ॲरिझोनात, सेनिता गार्डन्समध्ये होतं. पंचावन्नच्या पुढच्या माणसांची वसाहत. भोवती गुलाबी भिंत, आत एकसारखी घरं, अंगणात गवताऐवजी हिरवा रंग दिलेली खडी. कारभार घरमालकांच्या संघाकडे होता आणि संघ तो चोख बघायचा. मिनेसोटात व्हर्नानं चाळीस हिवाळे फावड्यानं बर्फ उपसला होता. इथे रस्त्यावरचा दिवा गेला तर दुपारपर्यंत नवा लागायचा. तिचा नवरा आर्विड वारला तेव्हा संघाच्या बायकांनी तीन आठवडे घरी जेवण आणून दिलं. शेजारची ओपल तर तिच्या सोबतीला झोपायला यायची. एकट्या बाईनं दाराला कडी न लावता झोपावं, आणखी काय हवं, असं व्हर्ना सगळ्यांना सांगायची.

नियमही तसेच कडक होते. गॅरेजचं दार उघडं ठेवायचं नाही, कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, अठरा वर्षांच्या आतला पाहुणा वर्षात तीस दिवसांच्या वर ठेवायचा नाही. व्हर्नानं सही करून सगळं मान्य केलं होतं. पोराबाळांचा गलबला नाही म्हणून तिलाही बरं वाटायचं, हे तिनं पुढे कधी नाकारलं नाही.

वसाहतीच्या पोहण्याच्या तलावापाशी पाहुण्यांची वही असायची. मुलांना पोहायची वेळ अकरा ते एक. त्या उन्हाळ्यात व्हर्ना मार्नीला रोज न्यायची आणि रोज वहीत नाव, तारीख, सही करायची. दुसरी कुणी असती तर मधले दहा-बारा दिवस गाळले असते. व्हर्नाच्या ते डोक्यातच आलं नाही.

एकतिसाव्या दिवशी संघाचे अध्यक्ष डॉइल प्रुइट दारात उभे राहिले. निवृत्त विमा अधिकारी, पायात पांढरेशुभ्र बूट.

"आत येत नाही, व्हर्ना. आठवण करून द्यायला आलो. पोरीचा महिना भरला."

"तिची आई अजून इस्पितळात आहे, डॉइल."

"वाईट वाटतं हो. आमची ही रोज प्रार्थनेत नाव घेते तिचं. पण तुम्हाला सूट दिली की उद्या सगळेच नातवंडं आणून ठेवतील."

"दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसते ती. आवाज ऐकलाय का तुम्ही तिचा?"

"आवाजाबद्दल तक्रार नाहीच. गोड आहे पोर."

गोड म्हणताना ते जराही अडखळले नाहीत, म्हणून व्हर्नाला शिसारी आली.

मग तिनं मार्नीला लपवायला सुरुवात केली. दिवसभर पडदे ओढलेले. खिडकीखालून जायचं तर पोरगी गुडघ्यांवर जायची. बाजाराला जाताना व्हर्ना तिला गाडीत मागच्या सीटपुढे खाली झोपवायची आणि अंगावर चादर टाकायची. जुलैच्या त्या तापलेल्या गाडीत फाटकाबाहेर पडेपर्यंत मार्नी हूं की चूं करायची नाही. एका सकाळी दूध पिता पिता तिनं हळूच विचारलं, "आजी, मी आज आहे की नाही?"

व्हर्नानं पडदे उघडले. या वेळी किळस आली ती स्वतःचीच. नात ऑक्टोबरपर्यंत राहू द्यावी, असा अर्ज तिनं त्याच दिवशी लिहून संघाकडे दिला.

ऑगस्टमध्ये सभा भरली. टेबलावर कॉफी, केक आणि हिरव्या लिंबाच्या जेलीत किसलेलं गाजर. ऐंशी माणसं जमली होती. त्यातल्या कितीकांचे हात व्हर्नानं इस्पितळात धरले होते.

"पोरगी ब्रिज खेळते का? आम्हाला चौथा भिडू हवाच आहे," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

डॉइलनी वही उघडून तिच्या सह्या दाखवल्या. तीसच्या तीस. "आणि मुदत संपल्यावर, अर्ज यायच्या आधीही मूल घरातच होतं. ओपलनं खात्री करून घेतली आहे."

ओपल उठली. "तुझ्या कचऱ्यात मुलांच्या नाश्त्याच्या रंगीत, गोड सीरियलचे खोके होते, व्हर्ना. तू तर ओट्स खातेस."

"तू माझा कचरा उपसलास?"

"झाकण अर्धं उघडंच होतं. आणि मी तुझ्याच भल्यासाठी केलं गं. या वयात मूल सांभाळणं झेपतं का?"

"तुला कधी म्हटलं होतं मी, झेपत नाही म्हणून?"

ओपल खाली बसली. मतदान झालं. व्हर्नाच्या बाजूनं अकरा हात वर झाले. विरुद्ध बाजूच्या हातांत ओपलचा हात होता, नखांना नुकताच गुलाबी रंग लावलेला. पोरीला रविवारपर्यंत बाहेर काढायचं ठरलं. लगेच बाजूच्या खुर्चीवरच्या बाईनं व्हर्नापुढे बशी सरकवली. "काही खाल्लं नाहीस तू. जेली तरी घे."

व्हर्नानं ती थरथरणारी हिरवी जेली तशीच मागे सारली. ती उठली.

दारापाशी ओपल आडवी आली. "पोरीला कुठे पाठवतेस?"

"पाठवत नाही. आम्ही दोघी जातोय."

"अगं, पण तू कुठे राहशील?"

"जिथे तू नसशील तिथे."

त्या दोघी गावात टायरच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहिल्या. छत गळायचं, सांगायचं कुणाला ते कळायचं नाही, दाराला दोन कड्या लागायच्या. तलावाची आठवण येते, असं व्हर्ना कबूल करायची. मार्नीची आई ऑक्टोबरात सुटली, नाताळात पुन्हा भरती झाली, तिसऱ्या खेपेला मात्र खरोखर सुटली आणि टक्सनमध्ये केस कापायचं दुकान चालवू लागली. डॉइल प्रुइट आणखी अकरा वर्षं अध्यक्ष होते. तलावाकाठी त्यांच्या नावाचं बाक आहे. ओपल १९९६ साली वारली. तीन आठवडे ती आपल्या सोबतीला झोपली होती म्हणून व्हर्ना अंत्यविधीला गेली, मागच्या रांगेत बसली आणि जेवणाला थांबली नाही.

मार्नी आठ वर्षं आजीजवळ वाढली आणि पुढे फ्लॅगस्टाफला परिचारिका झाली. व्हर्नाचा शेवट चौऱ्याऐंशीव्या वर्षी मार्नीच्याच घरी झाला. त्या घरावर कसलाही संघ नव्हता. घर घेताना मार्नीनं सगळ्यात आधी तेवढंच विचारलं होतं.