नदीपलीकडची बोली

"परत लावा," साहेब म्हणाले.

तिनं पुन्हा बटण दाबलं. ठेकेदाराला आलेला धमकीचा फोन होता तो. "गोदाम जपा. आज आहे, उद्या नसेल." दुसऱ्याच दिवशी गोदाम पेटलं. भाजलेला पहारेकरी अजून शुद्धीवर आला नव्हता.

बोलण्याच्या ढबीवरून माणूस कुठला ते ओळखणारं यंत्र पोलिसांच्या या खोलीत आलं, तेव्हापासून ती ते चालवत होती. पडद्यावर पुन्हा तेच उत्तर आलं : नदीपलीकडचा.

"झालं तर मग. तो रंगारीच. पलीकडचा आहे, ठेकेदाराशी भांडलाही होता."

संशयावरून पकडून आणलेल्या त्या रंगाऱ्याची बायको सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होती. ही दिसली की दर वेळी उठून उभी राहायची. "ताई, काही कळलं का हो?"

धमकीचा तो फोन पहिल्यांदा ऐकला तेव्हाच हिनं आवाज ओळखला होता. हिचा धाकटा भाऊ ऐन उमेदीत कामाला म्हणून नदीपलीकडे राहिला आणि तिकडचे हेल घेऊन परतला. घरात सगळे त्याला 'पाहुणा' म्हणून चिडवायचे. ठेकेदारानं कामावरून काढल्यापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता.

ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. यंत्र तिच्याच बाजूनं होतं.

"अहवालावर सही करा, ताई."

तिनं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"साहेब, बोली पलीकडची आहे. माणूस अलीकडचा आहे."

"कशावरून?"

"पाठचा भाऊ आहे माझा."

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. "नीट विचार करा. हा शब्द मागे घेता येणार नाही."

"माहीत आहे."

"पडताळायला त्याचा आवाज लागेल."

तिनं मोबाईल यंत्राला जोडला, हेडफोन कानांवर चढवले. कालचाच निरोप होता.

"ताई, मला उशीर होईल गं. आईला म्हणावं, जेवून घे. माझी वाट बघू नका."

पडद्यावरच्या दोन रेघा एकमेकींवर येऊन बसल्या. साहेब रंगाऱ्याच्या सुटकेचं सांगायला बाहेर गेले. थोड्या वेळानं बाकावरच्या बाईचा हुंदका भिंतीपलीकडून ऐकू आला असता. पण हिनं हेडफोन काढलेच नव्हते. काम संपलं होतं, तरी तिनं तो निरोप पुन्हा पहिल्यापासून लावला.