कप्तानाचा दोन मजली हंडा

मी एक जुना, दोन मजली, तांब्याचा हंडा आहे. मित्रांनो, दोन मजली हे मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही, माझी घडणच तशी आहे. खालचा मजला पोट सुटलेल्या शेटजीसारखा गोल. त्यात भाज्यांचा रस्सा शिजतो. वरचा मजला उभट, आणि त्याच्या तळाला चाळणीसारखी भोकं. रश्श्याची वाफ त्या भोकांतून वर चढते आणि वरच्या मजल्यावर कुसकुस शिजतो. कुसकुस म्हणजे रव्यावर पाण्याचा हबका मारत, तळहाताने गोल गोल वळून केलेले मोहरीएवढे दाणे. हा पदार्थ मूळचा मोरोक्को आणि त्याच्या आसपासच्या मुलखातला. ज्याने तो नीट वाफवलेला खाल्ला आहे त्याला मी वेगळं काही सांगायला नको, आणि ज्याने खाल्ला नाही त्याला नुसतं सांगून काय उपयोग?

एका बंदरावरच्या तांबटाने मला घडवलं. त्याने मला इतकं ठोकलं की आपला काय गुन्हा झाला, हेच मला कळेना. भोकं पाडायचं काम मात्र त्याच्या बायकोकडे होतं, कारण तांबटाचा हात भारी जड. भोक मोठं झालं तर दाणा खाली पडेल, लहान झालं तर वाफ अडेल, असं पुटपुटत ती एकेक भोक पाडत असे. शेवटी आतून कल्हई झाली, आणि मी असा लखलखलो की तिने माझ्यात बघून केस सारखे केले. त्या दिवशी मी जरा फुगलोच होतो.

मला विकत घेतलं ते जहाजावरच्या एका आचाऱ्याने. सगळे त्याला कप्तान म्हणत. खरा कप्तान वर डेकवर असे आणि याचा हुकूम फक्त स्वयंपाकघरात चाले, पण तिथे खरा कप्तानसुद्धा आवाज खाली करून येई. जहाज डोलू लागलं की तो मला दोरीने चुलीला बांधायचा आणि एका हाताने मला, दुसऱ्या हाताने स्वतःला सावरत स्वयंपाक करायचा. जिरं, आलं, हळद, दालचिनी, धणे... वासानेच खलाशी शिडी उतरून खाली येत. त्याचा एक कायदा होता, माझ्या हंड्यात दुसऱ्या कुणाचा चमचा जाणार नाही. चव फक्त तो बघणार आणि बाकीच्यांनी वाटी धरून उभं राहायचं.

पुढे समुद्र सोडून त्याने जहाजदुरुस्तीच्या कारखान्यामागच्या गल्लीत खानावळ टाकली. कप्तानाचा मुलगा वर्षातले बरेच महिने जहाजावर, त्यामुळे खानावळीत सासरा आणि सून अशी दोघंच. सूनबाई भाज्या चिरायची, चणे भिजत घालायची, ताटं वाढायची. चमच्याचा कायदा मात्र तिलाही लागू होता. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की हातापायाला ग्रीस लागलेली मंडळी येऊन बसत आणि दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय उठत नसत. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग एकदा कप्तानाला ताप आला. ताप उतरला, पण जाताना त्याचं नाक आणि जीभ घेऊन गेला. ना वास, ना चव. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. रोजच्यासारखा रस्सा केला आणि त्यात मीठ दोनदा पडलं. लोक भले होते, कुणी तक्रार केली नाही, नुसतं पाणी जास्त प्यायले. दुसऱ्या दिवशी मात्र अर्धी बाकं रिकामी होती. कप्तानाने पंचा खुंटीला टांगला आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसला.

सूनबाई बिचारी पाकिटातला तयार कुसकुस आणून त्यावर उकळतं पाणी ओतू लागली. माझी तर वाताहत झाली. वरच्या मजल्याची रवानगी गॅलरीत, कांदे ठेवायला. "भोकं आहेत ना, हवा खेळती राहील," असं शेजारीण म्हणाली आणि कुणी हसलंही नाही. खालच्या मजल्यात फरशी पुसायचं फडकं भिजत असे. कल्हई उडाली, अंग काळं पडलं. भांड्याला रडता येत नाही म्हणतात, पण पावसाळ्यात माझ्यावर जे पाणी साचायचं ते सगळंच काही आभाळातलं नव्हतं.

एके सकाळी कारखान्यातली फोरमनबाई खानावळीत आली. आवाज असा की भिंतीवरची पाल पळावी.

"आम्ही दुरुस्त केलेलं जहाज येत्या आठवड्यात पाण्यात उतरतंय. सगळ्या कामगारांना जेवायला घालायचंय. आणि कुसकुसच हवाय, कप्तानांच्या हातचा. पाकिटातला नको हं, तो मी तुमच्याकडे एकदा खाल्लाय."

"होईल की!" सूनबाई म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं असावं, कारण फोरमनबाई गेल्यावर ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, मी हो म्हणून बसलेय," तिने त्याच्या खुर्चीशी जाऊन सांगितलं.

"मग ऊठ आणि नाही म्हणून ये," कप्तान खिडकीतून नजर न काढता म्हणाला. "नाक नाही, जीभ नाही. आंधळ्याने गाडी हाकायची का? या हातचं पुन्हा कुणी खाणार नाही, सूनबाई. मी संपलो."

एवढा मोठा माणूस, पण शेवटचा शब्द इतका बारीक आला की मला गॅलरीतही ऐकवेना.

सूनबाई गॅलरीत आली. तिने कांदे टोपलीत ओतले, फडकं बाहेर काढलं आणि मला थेट कल्हईवाल्याकडे नेलं. परत आल्यावर खाली रस्सा चढवला, वर दाणे घातले आणि घट्ट झाकण ठेवलं. उकडायचं म्हटलं की झाकण, हे तिच्या हातात बसलेलं. वाफ झाकणाला लागून पाणी झाली आणि टपटप दाण्यांवर पडू लागली. दाण्यांचे गोळे झाले. माझ्या दोन मजल्यांच्या सांध्यातूनही वाफ फुसफुसत बाहेर पडत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी पडलो हंडा.

"वाफ कमरेतून पळतेय!" बाहेरच्या खोलीतून आवाज आला. कप्तानाचं नाक गेलं होतं, कान शाबूत होते. "आणि झाकण कुणी ठेवलं? वाफेला वर दार उघडं लागतं!"

पाणी प्यायच्या निमित्ताने तो आत आला. पाणी काही प्यायला नाही. जुन्या धोतराची पट्टी फाडून कणकेच्या पातळ लापशीत बुडवली आणि माझ्या सांध्याभोवती गुंडाळली. पट्टी वाळून घट्ट झाली, फुसफुस थांबली. मग त्याने कान माझ्या अंगाजवळ आणला. दाण्यांतून वाफ निघायला लागली की मंद, भरलेला आवाज येतो. तो ऐकताच त्याचा चेहरा सैल झाला. "आली वर," तो म्हणाला. त्याने दाणे परातीत ओतले, बोटांनी मोकळे केले, मीठपाण्याचा हबका मारला, पुन्हा वर चढवले, आणि मग आणखी एकदा. त्याच्या हातांना जिभेची गरजच नव्हती.

जेवणाच्या दिवशी मी पहाटेपासून चुलीवर होतो. गाजरं, सलगम, कोबीच्या फोडी, भोपळा, चणे, सगळं खालच्या मजल्यात रटरटत होतं. मसाला कप्तान घालत होता, आठवणीने. पण वास येत नव्हता ना, त्यामुळे हाताला थांबायचं कळेना. दालचिनी पडतच राहिली. सूनबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि तिने चमचा माझ्या रश्श्यात बुडवला.

स्वयंपाकघर गार पडलं. चूल सोडून.

"बाबा, दालचिनी फार झालीय. काढ्यासारखं लागतंय."

कप्तान कानापर्यंत लाल झाला. त्याने डाव खाली ठेवला, हात पुसले. मला वाटलं, गेला आता खिडकीशी, आणि मी पुन्हा कांद्यांत. भोंगा व्हायला फार वेळ उरला नव्हता.

"मग काय करू?" त्याने विचारलं.

मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"भोपळा वाढवू, गोडीने दबेल. चण्याचं उकळलेलं पाणीही घालू," सूनबाई घाईघाईने म्हणाली.

"मीठ?"

"थांबा, बघते. अजून थोडं."

"आता?"

"चिमूटभर."

"आता?"

"आता हात लावाल तर बघा!"

कप्तान इतक्या जोरात हसला की माझी भोकं दणाणली.

भोंगा झाला. जहाज पाण्यात उतरलं, आणि अख्खा कारखाना अंगणात येऊन बसला. ताटात पिवळसर, मोकळ्या दाण्यांचा ढीग, मधे खळगा, त्यात भाज्या, वरून रश्श्याचा डाव आणि परतलेला कांदा-मनुका. पहिला घास गेला आणि एरवी हातोड्यांवर आवाज चढवणारी मंडळी चिडीचूप झाली. पुढचा आवाज आला तो ताटांवर चमचे वाजवण्याचा! फोरमनबाई उठून उभी राहिली. "कप्तान, पुढचं जहाजही तुमच्याच जेवणावर उतरेल!" चमचे, ताटं, बाकं, जे हाताला लागेल ते वाजत होतं. मी चारदा भरलो आणि चारदा पुसून निघालो. माझ्यासारखा सुखी हंडा त्या दिवशी जगात नव्हता.

"इकडे काय वाजवताय? तिकडे वाजवा," कप्तान सुनेकडे बोट दाखवत म्हणाला. "जीभ तिची आहे."

तेव्हापासून मी चुलीवरून उतरलेलो नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, भांड्याची कल्हई वेळेवर करा आणि कांदे टोपलीत ठेवा. आणि घरातल्या कुणाचे कान, डोळे, जीभ थकली तर त्याला खिडकीशी बसवून मोकळे होऊ नका. तुमच्यातलं थोडं त्याला उसनं द्या. त्याच्याकडेही तुम्हाला देण्यासारखं पुष्कळ असतं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर कप्तान ताट घेऊन बसला. तापानंतर तो जेवायचा म्हणून जेवायचा, दोन घास, की उठला. सूनबाई समोर बसली. त्याने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाला, "सांग."

"भोपळा लोण्यासारखा झालाय," ती म्हणाली. "सलगम किंचित कडसर आहे, पण मनुका लगेच त्याची समजूत काढते. आलं घशाशी गरम लागतंय."

"आणि दालचिनी?"

"ती सगळ्यात शेवटी येते, बाबा. पण आली की जायचं नाव घेत नाही."

कप्तान बराच वेळ चावत राहिला. मग त्याने ताट पुढे केलं.

"वाढ अजून," तो म्हणाला.