सुभेदाराचा टेकू

"अवो, धरा त्याला! पडंल परत!" आवडी चुलीपासनं ओरडली. पण हातातली भाताची पेंढी टाकून महिपत पोचेपर्यंत सुभेदार पडला होता.

सारवलेल्या अंगणात तो कुशीवर आडवा झाला, घटकाभर तसाच राहिला, मग कुणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेनं इकडं-तिकडं बघत उठला. सकाळपासनं ही सातवी खेप. गोठ्याच्या मेढीच्या खांबाशी जायचं, हुंगायचं, जन्मभराच्या सवयीनं डावा मागचा पाय उचलायचा, आणि ज्या उजव्या पायावर उभं राहायचं तो महाडलाच राहिलाय हे ध्यानात यायच्या आत भुईवर यायचं.

सुभेदार म्हणजे महिपतचा कुत्रा. शिवथरच्या खोऱ्यातल्या त्या वाडीत रानडुकरांना भाताच्या आसपास फिरकू न देणारा. आठ दिवसांमागं डुकरं खळ्यात घुसली, तेव्हा महिपतनं वरच्या बांधावरनं धोंडा लोटला. डुकरं सुटली आणि धोंडा आला तो सुभेदाराच्या पायावर. पाय सुजला, काळा पडला, वास मारू लागला. महिपतला जेवण गोड लागेना.

"धोंडा माज्या हातचा," तो आवडीला म्हणाला. "आता त्याला असाच कुजू दिला तर मी कसला मानूस?"

त्यानं कुत्र्याला डोलीत घातला, बिरवाडीपर्यंत चौघांच्या खांद्यावरनं आणि पुढं बैलगाडीनं महाडला नेला. वाटेत जो-तो विचारी, "कोन आजारी?" डोली वाहणारा हैबती सांगी, "सुभेदार." लोक हात जोडून वाट देत.

कमलाकर डॉक्टर माणसांचे. आधी ते तयारच होईनात. मग पाय बघून म्हणाले, "हाड ते हाड. आणा आत." त्यांनी औषध हुंगवून कुत्र्याला निजवला, पाय मांडीपासनं काढला, टाके घातले. दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाले, "जखम भरेल. कुत्री तीन पायांवरही पळतात. पण याला कालपासून लघवी झालेली नाही. उद्या दुपारपर्यंत झाली नाही, तर मात्र जीव वाचायचा नाही."

ती दुपार आता चार घटकांवर आली होती. डोंगरावरलं धुकं विरलं होतं, पेंढ्यावरलं दंव सुकलं होतं, आणि सुभेदाराचं पोट ढोलकीसारखं टणक झालं होतं.

"बसून कर रे, कुत्रीगत," आवडी त्याला चुचकारत होती. "कोन बगतंय?"

बघत सगळी वाडी होती. झोडणी टाकून पंचवीस माणसं अंगणात जमली होती. महिपतनं पोटाखालनं पंचा घालून त्याला उचलून धरला, तर सुभेदारानं मान फिरवून घेतली. वाडीतल्या येसूबाईनं पेज पाजली. हैबती तांब्या घेऊन आला आणि उंचावरनं पाण्याची धार धरून बसला. "आवाज ऐकून हुईल," म्हणाला. दोन घागरी संपल्या. तेवढ्यात खुद्द हैबतीला दोनदा कुंपणामागं जाऊन यावं लागलं. सुभेदार नुसता बघत राहिला.

मग गर्दीतनं शेजारचा रामा पुढं झाला. महिपतशी त्याचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, आणि कारण हाच कुत्रा.

"माज्या उडवीवर न्या त्याला," रामा म्हणाला. "रोज सकाळी येऊन माजा पेंढा नासवायचा. तितं व्हईल."

महिपत म्हणाला, "रामा, ह्याच्यावर तू इळा फेकला व्हतास रे!"

"फेकला. रोज यायचा म्हनून फेकला. आता आठ दिस येत नाय, तर मला काय बरं वाटतंय व्हय? उचल!"

सुभेदाराला उचलून रामाच्या पेंढ्याच्या उडवीपाशी नेला. मागनं सगळी वाडी. सुभेदारानं उडवी हुंगली, डावा पाय उचलला आणि पडला. बाया हळहळल्या. आवडीनं पदर तोंडाला लावला.

एवढ्यात सयाजी काठी आपटत आला. जर्मनाच्या लढाईच्या वर्षांत सयाजी इराकात बसऱ्याला फौजेच्या खेचरांच्या दवाखान्यात होता. तिथनं नुसता नाईक होऊन पेन्शनीत आला, तर वाडीत कुत्रा सुभेदार! हे त्याला फार लागलं होतं. कुत्र्याला तो कधी नावानं हाक मारत नसे. त्यानं बसून पोट चाचपलं, आणि उठला तो लाल होऊन.

"येडी का खुळी रे तुमी? खेचराला बी लाज असती! पंचवीस जन डोळे फाडून बगताव, कोन करंल? पाठ फिरवा सगळे! महिपत, तू तेच्या उजवीकडं उभा रा. धरू नुको. हात लावू नुको. निस्ता उभा रा, आन् वर बग."

सगळ्यांनी पाठी फिरवल्या. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं घेतलेल्या बाया, हातात तांब्या घेतलेला हैबती, सगळे रांगेनं डोंगराकडं तोंड करून गप उभे राहिले. तलाठी पोलादपूरकडनं येत होते, ते बांधावरच थबकले.

"काय रे, कुठला विधी चाललाय?"

"सुभेदारसायबांचं काम चाललंय," सयाजी मान न वळवता म्हणाला. "पाठ फिरवा."

तलाठ्यांनी घाईघाईनं टोपी सारखी केली आणि पाठ फिरवली.

महिपत आभाळाकडं बघत उभा होता. वर एक घार फिरत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्याला डाव्या गुडघ्याला ऊब लागली. मग भार आला. आधी थोडा, मग सगळाच. सुभेदार त्याच्या पायाला टेकला होता.

आणि पेंढ्यावर धार लागली.

काय ती धार! थांबेना. दोन दिवसांचं सगळं साठलेलं. कुणी वळलं नाही, कुणी खोकलं नाही. आवडी डोंगराकडं तोंड करूनच रडत होती. रामा हळूच म्हणाला, "व्हऊ दे. सगळी उडवी भिजली तरी व्हऊ दे."

शिमग्यापर्यंत जखम भरली. सुभेदार तीन पायांवर डुकरांमागं पळू लागला, पहिल्यापेक्षा जोरात भुंकू लागला. पण त्या एका कामाला त्याला महिपतचा गुडघाच लागे. आवडी उभी राहिली तर तो चालायला लागे. हैबतीच्या पायाला तर त्यानं हुंगूनच सोडून दिलं. तेव्हा महिपत सकाळ-संध्याकाळ त्याच्याबरोबर हिंडे, तो थांबेल तिथं थांबे आणि वर बघे.

चैतात मुंबईहून धाकट्या भावाचं, मोरूचं पत्र आलं. गिरणीत माणसं घेतायत, लगेच निघून ये. महिपतनं सयाजीकडनं उत्तर लिहवून घेतलं. सयाजीला फौजेचं लिहिणंच येत होतं. त्यानं लिहिलं:

'कळविण्यास कारण की, मी इकडे सुभेदारांकडे हजर आहे. सकाळ-संध्याकाळ ड्यूटी असते. बदली माणूस चालत नाही. सबब येणे होणार नाही.'

"ह्यात खोटं काय नाय ना?" महिपतनं विचारलं.

"एक अक्षर नाय," सयाजी म्हणाला, आणि त्यानं खाली सही करवून घेतली.

पंधरा दिवसांनी मोरूचं उत्तर आलं. सयाजीनंच ते अंगणात बसून मोठ्यानं वाचलं. 'दादा, पत्र वाचून फार आनंद झाला. आख्ख्या चाळीत सांगितलं. असली फौजी नोकरी नशिबानं मिळते, ती सोडू नकोस. सुभेदारसाहेबांना माझा शिरसाष्टांग नमस्कार सांग, आणि त्यांच्याकडे एखादी जागा असली तर माझ्यासाठी शब्द टाक.'

आवडीनं हसू दाबलं. "आता त्याला काय कळवायचं?"

सुभेदार उठून कुंपणाकडं निघाला होता. महिपत धोतराचा सोगा सावरत त्याच्यामागं गेला, उजवीकडनं उभा राहिला, आणि गुडघ्यावर भार येईपर्यंत वाट बघत राहिला.

"लिव सयाजी," तो आभाळाकडं बघत म्हणाला, "जागा एकच व्हती, ती भरली."